कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाहीत, 'उद्या येतो' म्हणून येत नाहीत. बाथरूमचं काम मार्गी कसं लावावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं बाथरूम तोडून नव्यानं करायचंय, खालच्यांच्या छताला ओल आलीये, पाच जणांना फोन झाले, एक जण बघूनही गेला, पण कोटेशन काही येत नाही. मी याच धंद्यातला, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे फोन घ्यायला वेगळा माणूस नसतो. सकाळी तो मजूर अड्ड्यावर नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात, दिवसभर तोडफोडीच्या ब्रेकर मशीनच्या आवाजात, आठवड्याच्या शेवटी माणसांची खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, वाटण्यात. बोलायचंच असेल तर जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्री साडेसातनंतर फोन करा. त्याहून बरं म्हणजे आधी व्हॉट्सॲप करा. मात्र 'बाथरूमचा रेट काय?' एवढंच विचारलंत तर उत्तर येणार नाही. फक्त फरशी बदलायची की पाइपांसकट सगळं उघडायचं, हे कळल्याशिवाय आकडा सांगणारा एकतर अंदाजपंचे बोलतो, नाहीतर नंतर वाढवतो.

मेसेज असा हवा:

'नमस्कार दादा. कोथरूड, ३रा मजला, लिफ्टमधून मटेरियल न्यायला परवानगी नाही. बाथरूम ५ बाय ७ फूट, टाइल्स ७ फुटांपर्यंत. खालच्या छताला नहाणी ट्रॅपखाली ओल. सगळं तोडून वॉटरप्रूफिंग, भिंतीतले कन्सील्ड पाइप नवे. टाइल्स आणि फिटिंग मी आणणार. सोसायटीत काम १० ते ६, रविवारी बंद. १५ तारखेनंतर सुरू केलं तरी चालेल. जमणार असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी ७ नंतर बघायला याल का?'

सोबत फोटो पाच: दारातून पूर्ण बाथरूम, नहाणी ट्रॅप (जमिनीतली पाणी जायची जाळी) जवळून, कमोडमागची भिंत, डक्टमधले पाइप आणि खालच्यांचं ओलं छत.

एवढं मिळालं की तो चहा पिता पिता हिशेब करतो. चार भिंतींची बेरीज २४ फूट, गुणिले ७ म्हणजे १६८ चौरस फूट. दाराचे १७ वजा, जमिनीचे ३५ अधिक, झाले १८६. तूटफूट १० टक्के धरली की सुमारे २०५ चौरस फूट टाइल्स. लिफ्ट वापरता येणार नाही हे त्याला सगळ्यात आधी कळायला हवं, कारण राडारोड्याची पोती डोक्यावरून उतरवायची मजुरी वेगळी पडते आणि पुढची निम्मी भांडणं याच पोत्यांवरून होतात.

बघून गेल्यावर तो गप्प का बसतो? बहुतेकांना टाइप करत बसायचा कंटाळा, आणि लेखी दिलेला आकडा दुसऱ्याला दाखवून भाव पाडला जाईल ही भीती. म्हणून कोटेशनची वाट बघू नका. त्याला रेट तोंडी किंवा व्हॉइस नोटवर सांगायला लावा, तुम्हीच तो लिहून पाठवा आणि 'बरोबर आहे ना?' एवढंच विचारा. 'ओके' आलं की झालं. त्यात लिहायचं: रेट नुसत्या मजुरीचा की मटेरियलसकट, राडारोडा गेटबाहेर नेणं कोणाकडे, कमोड आणि नळ बसवणं धरलंय का, टाइल्समधले जॉइंट सिमेंटचे की इपॉक्सीचे (रेझिनचे, पाणी न शोषणारे), जीएसटी वेगळा का.

दोन गोष्टी मात्र त्याच मेसेजात ठासून लिहा. भिंत बुजवण्याआधी पाइपांची प्रेशर टेस्ट (दाबानं पाणी भरून गळती बघणं), आणि वॉटरप्रूफिंगनंतर टाइल्स लावण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवून खालचं छत तपासणं. आधी ठरलं नसेल तर ही पाण्याची टेस्ट हमखास गाळली जाते, कारण ते दोन दिवस माणसं बसून राहतात आणि खर्ची चालूच असते. प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग शक्यतो एकाकडेच द्या. वेगवेगळे असले की गळती लागल्यावर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

पैशांचंही तिथेच ठरवा. सुरुवातीला १५-२० टक्के, मग तोडफोड आणि पाइप झाल्यावर, पाण्याची टेस्ट झाल्यावर, टाइल्स झाल्यावर असे टप्पे. शेवटचे १० टक्के फिटिंग चालू होईपर्यंत हातात ठेवावेत.

'बघतो', 'सांगतो' याचा अर्थ बहुधा 'नको' असतो. तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. तीन दिवसांनी एकदा आठवण करा, तीही 'गुरुवारी येताय की मी दुसरं बघू?' अशी. त्यावरही शांतता असेल तर पुढच्याकडे वळा.

एप्रिल-मे मध्ये वॉटरप्रूफिंगवाले गच्च्यांच्या कामात बुडालेले असतात आणि होळीला बरेच कारागीर गावी जातात. बाथरूम हे आतलं काम, ते जुलै-ऑगस्टमध्ये काढलंत तर माणसं सहज मिळतात. फक्त ओल पावसाची की बाथरूमची, हे त्याआधी कोरड्या दिवसांतच पाहून फोटो काढून ठेवा. पावसात बाहेरच्या भिंतीतूनही पाणी येतं आणि नसती तोडफोड गळ्यात पडते.