शिल्पकला आणि कलेचा इतिहास: अगदी सुरुवातीचे शब्द कसे शिकू?

तुमचा प्रश्न असा आहे की संग्रहालयातल्या फलकांवरचे शब्द डोक्यावरून जातात, परिभाषा कोश घेऊन पाठ करायला बसलं तर आठवड्यात सगळं पुसलं जातं, मग सुरुवात करायची कुठून आणि लागतात तरी किती शब्द?

मी कलेचं शिक्षण घेतलेला नाही, दिवसभर हिशेबाचं काम करतो. आवड लागली तेव्हा मीही तुमच्यासारखंच केलं होतं. वहीत अकारविल्हे दीडशे शब्द उतरवले, रोज दहा पाठ करायचं ठरवलं आणि 'क' संपायच्या आत कंटाळलो. ती वही आता कुठे आहे देव जाणे.

घोळ त्या अकारविल्ह्यातच होता. या विषयातले शब्द कुणाच्या तरी हाताला अडचण आली म्हणून जन्मले आहेत. तेव्हा नामं बाजूला ठेवा आणि आधी क्रियापदं धरा. ती तुमच्याकडे आहेतच: कोरणं, घडवणं, ओतणं, ठोकणं, जोडणं. कुठलंही शिल्प समोर आलं की पहिला प्रश्न हा, की यातलं काय केलंय?

एका संध्याकाळी अंघोळीच्या साबणाची एक वडी आणि मूठभर चिकणमाती घेऊन बसा. साबणात नाक कोरा. हमखास तुटेल, आणि तुटलेलं नाक परत लावता येत नाही. गाल आत घ्यावे लागतात, मग कान, मग सगळं डोकंच लहान होतं. कोरीव कामात फक्त वजाबाकी असते, हे एवढ्यात कळतं. मातीत उलट. नाक पडलं तर दुसरं चिकटवा. पण मातीच्या माणसाचा हात आडवा पसरून बघा, थोड्याच वेळात तो लोंबायला लागतो. आत तार घातली की राहतो. ती तार म्हणजे आर्मेचर, आतला सांगाडा. हा शब्द मला वहीत तीनदा लिहूनही आठवत नव्हता. लोंबलेला हात पाहिल्यापासून विसरलेलो नाही.

ओतकामाचा शब्दसंग्रह मोठा आहे, पण त्यातली एकच पद्धत नीट समजली तरी निम्मं काम होतं. मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, तापवायचं. मेण वितळून बाहेर पडतं आणि आत राहिलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर माती फोडायची. आपल्याकडे याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात. शब्द दचकवणारा आहे, पण फोडून बघा: मधाचं उच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर जे उष्टं उरतं ते, मेण. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात या कृतीचं वर्णन आहे. मोहेंजोदडोची नर्तिका, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, याच पद्धतीने घडलेली आहे. याला जोडून दोन शब्द येतात, भरीव आणि पोकळ. चोळांचे ब्राँझ नटराज भरीव ओतलेले असतात. इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात १९७२ मध्ये सापडलेले रियाचेचे ग्रीक योद्धे पोकळ आहेत. मोठं शिल्प भरीव ओतायचं तर धातू अतोनात लागतो आणि थंड होताना तडकण्याची भीती असते, म्हणून मध्ये मातीचा गाभा ठेवतात.

घडवणं आणि साचा घेणं यांतला फरक क्षुल्लक वाटत असेल तर फ्रेंच शिल्पकार रोदाँला विचारा. १८७७ मध्ये त्याने एका उभ्या तरुणाचं शिल्प प्रदर्शनात मांडलं. ते इतकं हुबेहूब होतं की जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा काढला, असा आरोप झाला. मॉडेलची छायाचित्रं वगैरे पुरावे गोळा करत त्याला आपला हात निर्दोष ठरवावा लागला.

ठोकण्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, फक्त लक्षात आलेलं नसतं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ओतलेला नाही. सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचे तांब्याचे पत्रे ठोकून आकार दिला आणि ते लोखंडी सांगाड्यावर चढवले. हा सांगाडा आयफेल टॉवरवाल्या आयफेलने आखलेला. म्हणजे पुन्हा आपलं आर्मेचरच. १८८६ मध्ये अनावरण झालं तेव्हा पुतळा तांबूस होता, हिरवेपणा नंतर आला. त्या थराला पॅटिना म्हणतात. (घरच्या भांड्यावर आला की कळंक, पुतळ्यावर आला की पॅटिना. मान कुठे बसलाय यावर असतो.)

दुसरा प्रश्न: याच्या मागे जाता येतं का? चहूबाजूंनी फिरता आलं तर मुक्त शिल्प, पाठ भिंतीला किंवा दगडाला चिकटलेली असेल तर उठावशिल्प. घारापुरीच्या त्रिमुखी शिवाला आपण सर्रास मूर्ती म्हणतो, पण ते खडकातून सुटं न झालेलं, खूप जास्त उठावाचं शिल्प आहे. कमी उठाव म्हणजे काय ते पाहायला खिशातलं नाणं पुरे. खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च नाण्याला जवळपास समांतर धरा. मघाशी सपाट वाटणाऱ्या आकृतीला एकदम सावल्या फुटतात. आता टॉर्च बरोबर वर आणा, सगळं पुसलं गेल्यासारखं होतं. उठावशिल्प निम्मं छिन्नीने आणि निम्मं उजेडाने घडतं, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या टॉर्चने मला जास्त शिकवलं. इजिप्तच्या कारागिरांनी बाहेरच्या भिंतींवर एक वेगळी युक्ती केली: आकृती भिंतीच्या वर न काढता आत खोदली, म्हणजे कडक उन्हात कडेची सावली रेषेसारखी ठसठशीत पडते. याला खोदीव उठाव म्हणा.

उभं राहण्याच्या शब्दांसाठी आरसा लागतो. सगळा भार उजव्या पायावर टाका, डावा गुडघा सैल सोडा. उजवी कंबर वर जाते, आणि तोल सांभाळायला उजवा खांदा आपोआप खाली येतो. हाच कॉन्ट्रापोस्टो. इ. स. पू. ४८० च्या सुमाराचा अथेन्समधला 'क्रिटिओसचा मुलगा' या नावाने ओळखला जाणारा संगमरवरी पुतळा असा उभा आहे. त्याआधीचे ग्रीक तरुणांचे पुतळे कवायतीतल्यासारखे ताठ दिसतात. मायकेलअँजेलोचा डेव्हिड (१५०१–०४) असाच, उजव्या पायावर. त्या पायामागे झाडाचा एक बुंधा दिसेल. ती सजावट नाही. पाच मीटरच्या वर उंचीचा संगमरवर दोन घोट्यांवर पेलणं अवघड, म्हणून तो आधार. ब्राँझला असा टेकू सहसा लागत नाही. त्यामुळे ग्रीक ब्राँझवरून केलेल्या रोमन संगमरवरी प्रतिकृतींत असे बुंधे अचानक उगवतात.

आपल्या परंपरेतला त्रिभंग मात्र कॉन्ट्रापोस्टोचं भाषांतर समजू नका. पुष्कळ जण तसं लिहितात, मला ते पटत नाही. कॉन्ट्रापोस्टोत मुख्य गोष्ट भार आहे, त्रिभंगात लय: मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी देह वळतो. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभी मूर्ती असेल तर समभंग.

मराठीतल्या एका गोष्टीचा मात्र फायदा घ्या. पुतळ्याचं अनावरण होतं, मूर्तीची प्रतिष्ठापना होते, आणि शिल्प नुसतं पाहिलं जातं. एवढ्या वापरावरूनच कुठला शब्द कुठे हे कळतं, व्याख्या लागत नाही.

इतिहासाच्या बाजूला घाई करू नका. गॉथिक, बरोक, इम्प्रेशनिझम ही युरोपातल्या कलाशैलींची नावं त्या त्या कलाकारांनी स्वतःला दिलेली नाहीत. तिन्ही आधी टोमणेच होते. इम्प्रेशनिस्ट हा शब्द रूढ झाला तो १८७४ च्या प्रदर्शनावर एका समीक्षकाने केलेल्या थट्टेतून. तेव्हा ही लेबलं कपाटाच्या खणांसारखी वापरा, फार गंभीरपणे घेऊ नका. त्यापेक्षा फलकावरचे बारीक शब्द शिका, खरी गंमत तिथे असते. नुसतं नाव असेल तर संग्रहालयाला खात्री आहे. 'यांचे मानले जाते' असेल तर बहुधा. 'यांच्या कार्यशाळेतील' म्हणजे गुरूची देखरेख, हात शिष्यांचे. 'अनुयायाचे' म्हणजे शैली तीच, माणूस भलताच. 'यांच्यावरून' म्हणजे सरळ नक्कल. तारखेआधीचा 'सु.' हा सुमारे, आणि मापांत बहुतेक ठिकाणी उंची आधी लिहितात.

किती शब्द लागतील? माझ्या अंदाजाने चाळीसेक. वर निम्मे येऊन गेलेच. बाकीचे पाहता पाहता मिळतील, फक्त क्रम उलटा करा: आधी शिल्प बघा, कोरलंय की ओतलंय, भार कुठे आहे, उजेड कुठून येतोय हे मनाशी बोला, फलक सगळ्यात शेवटी वाचा. परवाच एका पांढऱ्याशुभ्र धडाला मी छातीठोकपणे संगमरवर म्हटलं. फलकावर होतं, 'प्लास्टर, मूळ शिल्पावरून साचा घेऊन'. पुन्हा जवळ जाऊन पाहिलं तर कुशीवरून साच्याच्या जोडाची बारीक रेघ सरळ खाली गेलेली होती. नव्या वहीत त्या दिवशी एवढा एकच शब्द आहे, जोडरेघ.