माइंडफुलनेस (आत्ता मनात-शरीरात काय चाललंय ते नुसतं पाहणं) खरंच मानसोपचारात वापरतात का? की त्यासाठी इगतपुरीला १० दिवस विपश्यनेला बसावं लागतं?

वापरतात, आणि त्यासाठी १० दिवस रजा टाकायची गरज नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. तो ८ आठवड्यांचा असतो. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याला विचारांवरच्या उपचाराची जोड दिली. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. 'माझं काही खरं नाही' असा विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही, विचार आलाय एवढंच पाहायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण.

रोजचं म्हणाल तर, नाशिकच्या द्वारका सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकलात की हॉर्नवरचा हात काढा आणि दोन-चार श्वास नुसते बघा. खांदे किती आखडलेत हे तेव्हाच कळतं. किंवा मिसळ खाताना मोबाइल बाजूला ठेवा (नाशिककराला एवढं जमायलाच हवं!). मन भरकटणारच, ते भरकटलंय हे लक्षात येणं हाच सराव.

मात्र तीव्र नैराश्य, जुना मानसिक आघात किंवा भास होत असतील तर एकट्याने तासन्‌तास डोळे मिटून बसू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.