ढोकळ्याच्या पिठातल्या जिवाणूत 'कोब-ए' जनुक सापडलं, तर तो बी-१२ बनवतो असं लिहू का?

नाही, तेवढ्यावर लिहू नका, गाईड कितीही घाई करत असले तरी.

तुम्ही म्हणता, आंबलेल्या पिठातून वेगळ्या केलेल्या लॅक्टोबॅसिलसचा जीनोम प्रोक्कात (जनुकांना आपोआप नावं देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकला आणि हे नाव आलं. आधी प्रथिनाची लांबी बघा. २०० अमिनो आम्लांच्या आत-बाहेर असेल, तर ते बहुधा साल्मोनेलाच्या कोब-ए सारखं, कॉरिनॉइडला (बी-१२ च्या कुळातल्या रेणूला) अ‍ॅडेनोसिल गट जोडणारं. २८० च्या आसपास असेल, तर स्यूडोमोनास डीनायट्रिफिकन्सच्या कोब-ए सारखं मिथाइलट्रान्स्फरेज, म्हणजे मिथाइल गट जोडणारं. दोघांचं नातं काहीच नाही. वेगवेगळ्या जिवाणूंत लोकांनी आपापली अक्षरं वाटली, आणि निस्तरत बसलोय आपण. लांबी हा नुसता इशारा. इंटरप्रो या डेटाबेसमध्ये डोमेन (प्रथिनाचा ओळखीचा, काम करणारा भाग) तपासा आणि युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधल्या, माणसाने तपासलेल्या नोंदींशी ताडा. ब्लास्ट या साम्य शोधणाऱ्या प्रोग्रामचे वरचे हिट, म्हणजे त्यांची नावं, बरेचदा एकमेकांवरून उतरवलेले असतात.

आता पहिला प्रकार निघाला असं धरू. तेच काम करणारं प्रथिन ई. कोलायकडेही आहे, तिथे त्याला बीटीयू-आर म्हणतात. पण ई. कोलायला कॉरिनचं, म्हणजे बी-१२ च्या गाभ्यातलं, कडं मुळापासून बनवता येत नाही, तो बाहेरून मिळालेलं वापरतो. दुसरा प्रकार निघाला तरी हुरळून जाऊ नका, कारण ती पायरी सिरोहीम हा वेगळाच रेणू बनवतानाही लागते.

म्हणून शेजार बघा. बी-१२ ला तीसेक टप्पे लागतात. कोबाल्ट बसवणारं, कड्याला अमाइड गट लावणारी, अशी सीबीआय आणि कोब या नावांची जनुकं आसपास ओळीने आहेत का? वरच्या बाजूला कोबालामिन रायबोस्विच (बी-१२ ओळखून जनुकं चालू-बंद करणारा आरएनएचा तुकडा) आहे का? लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरीत (आताचं नाव लिमोसिलॅक्टोबॅसिलस) असा गठ्ठा सापडलेला आहे, तेव्हा तुमची आशा अगदीच खुळी नाही.

पण र्‍युटेरीचीच गंमत ऐका. त्याच्या रेणूत खालच्या बाजूला, खऱ्या बी-१२ मधल्या डायमिथाइलबेन्झिमिडॅझोलऐवजी, अ‍ॅडेनीन असतं. म्हणजे स्यूडो-बी-१२, जे आपल्या जठरात तयार होणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टरला (बी-१२ शोषायला लागणाऱ्या प्रथिनाला) नीट धरता येत नाही. स्पिरुलिनाचं रडगाणंही हेच. जुन्या पद्धतीने, लॅक्टोबॅसिलस वाढवून बी-१२ मोजाल, तर हे नकलीही त्यात मोजलं जातं. एलसी-एमएस करून घ्या, म्हणजे रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी चाचणी.

मी हे एवढं ताणतेय त्याला कारण आहे. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारातल्या वाड्यापासून अलकापुरीतल्या फ्लॅटपर्यंत, शाकाहारी घरात बी-१२ च्या इंजेक्शनचा विषय निघतोच. 'ढोकळा खा, बी-१२ मिळवा' हा मेसेज तुमच्या प्रबंधाच्या आधी फिरेल.

सध्या प्रॉडक्टच्या रकान्यात, डोमेन जुळलं तर, 'संभाव्य कॉरिनॉइड अ‍ॅडेनोसिलट्रान्स्फरेज' एवढंच लिहा, आणि एन्झाइमचा वर्गक्रमांक ईसी २.५.१.१७. जनुकाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. परीक्षकांनी विचारलंच, तर ई. कोलायचं उदाहरण द्या.