‘अब्हॉरंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंदूरला रामबागेत आमच्या घरी ‘अब्हॉरंट’ या इंग्रजी विशेषणावरून वाद झाला. मी अर्थ ‘घृणित’ सांगितला. मुलगी म्हणाली, हे तर हिंदी झालं. मग मराठीत काय म्हणावं? आणि ‘मला खोटेपणाचा तिटकारा आहे’ यासाठी ‘आय ॲम अब्हॉरंट ऑफ लाइज’ चालेल का?

उत्तर : आधी वाक्य पाहू, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. हे विशेषण ज्याची शिसारी येते त्याला लागतं, जिला शिसारी येते त्या व्यक्तीला नाही. ‘आय ॲम अब्हॉरंट’ म्हटलंत तर ऐकणारा ‘मी तिरस्करणीय आहे’ असंच समजेल. ‘ऑफ’ जोडून केलेला प्रयोग जुन्या इंग्रजीत सापडतो, पण आज तो टाळावा. खोटेपणाला कर्ता करा आणि स्वतःला ‘टू’च्या पुढे ठेवा : ‘लाइंग इज अब्हॉरंट टू मी.’ ‘मी’पासूनच सुरुवात हवी असेल तर क्रियापद घ्या : ‘आय अब्हॉर लाइंग.’ क्रियापदात ‘आर’ एक, विशेषणात दोन.

शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘होरेरे’ आहे, म्हणजे केस ताठ उभे राहणं. ‘अब्’ म्हणजे दूर. अंगावर काटा येऊन माणूस मागे सरतो, ते चित्र. आपल्या ‘रोमहर्ष’मधला ‘हृष्’ धातू याच कुळातला. लॅटिनमध्ये तो काटा भयाकडे गेला, आपल्याकडे ‘हर्ष’ झाला!

म्हणून गिलक्याची भाजी आवडत नाही एवढ्यासाठी हा शब्द वापरू नये. नासलेल्या दुधाच्या वासालाही ‘डिसगस्टिंग’ पुरे, मराठीत ‘किळसवाणा’. अब्हॉरंट शोभतो तो नीतीला धक्का देणाऱ्या गोष्टींना : लहान मुलांचा छळ, जातीवरून केलेला अपमान. तिथे लिहिताना ‘घृणास्पद’ किंवा ‘तिरस्करणीय’, बोलताना ‘शिसारी आणणारं’. मुलीचं म्हणणं बरोबर आहे. ‘घृणित’ संस्कृतच, पण रुळला हिंदीत. मराठी कानाला ‘घृणास्पद’ जवळचा. मात्र ‘निर्घृण खून’मधली घृणा वेगळी. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा, म्हणून निर्घृण म्हणजे निर्दय.

उच्चारात ‘ह’ गिळू नका. जवळच ‘अबेरंट’ नावाचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ नेहमीच्या वाटेवरून भरकटलेला, आणि त्यात तिरस्कार मुळीच नाही.