वाया गेलेली दुपार

आपले पत्र मी दोनदा वाचले. मुलगी बारावीत आहे, गणित अकरावीलाच सोडले आहे आणि क्लासच्या नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) सराव परीक्षांत तिला जीवशास्त्रात 360 पैकी 290 च्या आसपास, तर भौतिकशास्त्रात 180 पैकी जेमतेम 45 गुण पडतात. प्रात्यक्षिकांत तिचा वेळ जातो, तेव्हा कॉलेजशी बोलून तिला त्यांतून मोकळे करावे काय, असा आपला प्रश्न आहे. कांद्याच्या मुळाची एक काचपट्टी जमेना म्हणून तिने अख्खी दुपार प्रयोगशाळेत घालवली आणि त्या दिवशीची सराव परीक्षा बुडवली, ही आपली मुख्य तक्रार.

"आम्ही बायोलॉजी घेतली", "आमचा नीटचा अभ्यास", "या वर्षी नाही जमले तर रिपीट ठरलेलेच आहे", असे आपण लिहिता. दीड पानाच्या पत्रात मुलीच्या तोंडचे एकही वाक्य नाही, आणि मला खरी काळजी याचीच वाटली. परीक्षेला काही महिने असताना पुढच्या वर्षाची जागा क्लासमध्ये राखून ठेवली आहे, हे तिला ठाऊक असेल, तर घरच्यांनी आपला निकाल आधीच लावून टाकला आहे, असेच ती समजणार. आपण त्याला तरतूद म्हणता, एवढेच.

त्या दुपारीविषयी सांगतो. मुळाचे दोन-तीन मिलिमीटरचे वाढते टोक कापून घ्यायचे, आम्लात मऊ करायचे, ॲसिटोकार्मिनने रंगवायचे आणि वर पातळ काच ठेवून अंगठ्याने बेताने दाबायचे. जोर कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, काच सरकली तर सगळा लगदा होतो. बहुतेक मुले दोन प्रयत्नांनंतर पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरवून मोकळी होतात. पेशीविभाजनाच्या मध्यावस्थेतली गुणसूत्रे पेशीच्या मधोमध एका ओळीत दिसेपर्यंत जी मुलगी उठत नाही, तिला प्रयोगशाळेतून काढा, असे मी तरी सांगणार नाही. बोर्डाच्या 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात, ही बाब तर निराळीच.

गणित सोडले म्हणजे डॉक्टरकीवाचून सगळी दारे बंद झाली, ही आपली समजूत मात्र साफ चुकीची आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटातून औषधनिर्माणशास्त्राला आणि कृषी पदवीला प्रवेश मिळतो. सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र यांची बीएस्सी आहेच, आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षाही तिला देता येते, पण तिथे 60 पैकी 15 प्रश्न गणिताचे असतात आणि ते तिला जड जातील, हे आताच सांगितलेले बरे. यांपैकी काहीही "नीट हुकली म्हणून" पदरात घ्यायची गोष्ट नव्हे. काचपट्टीपाशी दुपार घालवणाऱ्या मुलीला कदाचित हेच आधी हवे असेल. तिला विचारले आहे का?

नीटमध्ये 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे असल्याने तिची अर्धी बाजू भक्कम आहे. भौतिकशास्त्राच्या 45 गुणांमागे मला गणिताचा संशय येतो: सदिश, आलेखाचा चढ, लॉगॅरिदम आणि साधे विकलन अडले की पुढचे गणित समजूनही सुटत नाही. आणखी एक टेस्ट सिरीज लावण्यापेक्षा तेवढ्यापुरता एखादा शिक्षक महिनाभर पाहा, आणि सोडवलेले पेपर घेऊन ती नेमकी कुठे अडते, ते त्यांना तिच्याच तोंडून ऐकू द्या.

प्रात्यक्षिकांसंबंधी कॉलेजला काहीही कळवू नका. येत्या रविवारी तिचे जर्नल मागून घ्या, कांद्याच्या मुळाचे पान उघडा आणि त्यात काय दिसते ते तिला समजावून सांगू द्या. त्या अर्ध्या तासात गुणांचा विषय काढू नका. पुढचे पत्र तिने लिहावे, आणि पाठवण्याआधी आपण ते वाचू नये, ही विनंती.