मंडळासमोर भाचा गप्प बसतो

प्रश्न : माझा 15 वर्षांचा भाचा मोबाइल चोरीच्या प्रकरणात डोंगरीच्या निरीक्षणगृहात आहे. बापाचा मार खातच वाढला. बाल न्याय मंडळासमोर तोंड उघडत नाही. त्याला मुजोर तर समजणार नाहीत ना?
– एक मावशी, कुर्ला

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. मारात वाढलेली मुलं प्रश्नांच्या सरबत्तीसमोर अनेकदा गोठून जातात. पण मंडळापर्यंत हे कागदावर पोहोचायला हवं. तो कागद म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला कळवणाऱ्या अधिकाऱ्याचा, सामाजिक तपासणी अहवाल. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून 15 दिवसांत तो द्यायचा असतो, तेव्हा त्या अधिकाऱ्याला आजच भेटा. घोळ होतो तो इथेच : चौकशीत घरचे लाजेपोटी ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात, मार नोंदला जात नाही आणि पोरगं पुन्हा त्याच घरात जातं. तुम्ही दवाखान्याचे जुने केसपेपर द्या. झोपेत ओरडणं, अंथरूण ओलं होणं, कुणी हात उचलला की डोकं झाकून घेणं, यातलं जे पाहिलंत ते कधीपासून, हे लिहून द्या.

जामिनावर ताबा तुमच्याकडे मिळावा, असा अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. समुपदेशन आदेशात लिहूनच मागा, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

भेटीत चोरीचा विषय उकरू नका. जेवलास का, झोप लागते का, एवढं पुरे. लैंगिक अत्याचाराबद्दल काही बोलला, तर खोदून विचारू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली ते कळवणं मात्र बंधनकारक आहे.