मी बनवलेला राक्षस वारल्यांच्या नावावर टाकू का?

प्रश्न: ताई, मी ठाण्यात मानपाड्याला राहते, अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सुपरहिरो कॉमिक करतेय. हिरो येऊरच्या पाड्यावरचा वारली मुलगा, त्याला वाघ्यादेव शक्ती देतो आणि रात्री तो बिबट्या होतो. व्हिलन म्हणजे 'काळखांब' नावाचा जंगलातला राक्षस, तो मीच बनवलाय, पण पहिल्या पानावर "वारल्यांच्या प्राचीन कथेनुसार" असं लिहिलंय. वर्गातली एक मैत्रीण वारली आहे, तिला पानं दाखवली तर एवढंच म्हणाली, "आमच्यात असं काही नाहीये गं," आणि गप्प बसली. सर म्हणतात फँटसी आहे, चालतं, मार्व्हलवाले पण तेच करतात. मला मात्र काही सुचेनासं झालंय.

उत्तर: अगं, राक्षस बनवण्यात काहीच चूक नाही, कॉमिक त्यावरच तर चालतं. मैत्रिणीला खुपला तो काळखांब नाही, खुपले ते वरचे तीन शब्द. राक्षस तुझा आणि सही तिच्या आजीची, असं झालंय ते.

सर म्हणतात ते खरंय, मार्व्हलने हे वर्षानुवर्षं केलंय, पण त्यातून काय झालं तेही बघ. १९७५ला एक्स-मेनमध्ये थंडरबर्ड आला, जॉन प्राउडस्टार, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, अपाची समाजातला. आता थंडरबर्ड म्हणजे पंखांनी ढग गडगडवणारा पक्षी, तो मुख्यतः ग्रेट लेक्सकडच्या, मैदानी मुलखातल्या आणि वायव्य किनाऱ्यावरच्या लोकांच्या कथांमधला, आणि अपाची राहतात पार अमेरिकेच्या नैऋत्येच्या कोरड्या डोंगरांत, म्हणजे आपल्याकडे कोणी मेळघाटातल्या कोरकू मुलाला कोकणातला राखणदार चिकटवावा तसं. बरं, नाव दिलं ते दिलं, तिसऱ्याच अंकात पळणाऱ्या व्हिलनच्या विमानावर उडी मारून तो मेला पण. रागीट, कोणाचं न ऐकणारा, आणि संपला. त्याच्या घरचं, भाषेचं, देवाधर्माचं वाचकाला काही कळायच्या आतच.

मला जास्त लागतं ते नेल्व्हानाचं प्रकरण. १९४१मध्ये कॅनडात एड्रियन डिंगल नावाच्या चित्रकाराने 'नेल्व्हाना ऑफ द नॉर्दर्न लाइट्स' ही हिरोइन काढली, नाव त्याला एका मित्राकडून मिळालं, तो मित्र उत्तरेकडे फिरून आला होता. ठीक आहे, कॉमिकमधली बाई. पण पुढे १९७९मध्ये मार्व्हलची स्नोबर्ड आली, आणि तिची आई कोण, तर इन्युइटांची, म्हणजे पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या मूळ लोकांची, देवी नेल्व्हाना! म्हणजे एका कॉमिकची हिरोइन चाळीसेक वर्षांत दुसऱ्या कॉमिकमध्ये एका खऱ्या समाजाची देवी होऊन बसली. वर स्नोबर्डला लढायला तानाराक, कोलोमाक असे 'ग्रेट बीस्ट्स' पण बनवून दिले, तेही त्याच लोकांच्या नावावर. आणि या लोकांकडे स्वतःची सेडना आहे गं, समुद्राच्या तळाशी राहणारी, जिच्या तुटलेल्या बोटांपासून सील आणि व्हेल झाले अशी, केवढी जबरदस्त गोष्ट आहे ती! पण परक्या मुलाच्या हातात आधी कॉमिक पडतं, त्याच्या डोक्यात नेल्व्हाना बसते. उद्या तुझं कॉमिक चाललं, आणि चालावंच असं मला मनापासून वाटतं, तर काळखांबाचंही हेच होईल, कोणीतरी येऊरला येऊन तुझ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाला विचारेल की तुमचा काळखांब कुठल्या झाडाखाली असतो रे.

पण सगळंच वाईट नाहीये. मार्व्हलचीच १९८४ची 'डेमन बेअर'ची गोष्ट मिळाली तर जरूर बघ, बिल सिएन्केविचची चित्रं आहेत, बर्फात एवढीशी मुलगी आणि पानभर पसरलेलं काळंकुट्ट अस्वल, मी ते पान किती वेळ बघत बसले होते. ती मुलगी म्हणजे अमेरिकेतल्याच मूळ रहिवाशांच्या शायान समाजातली डॅनी मूनस्टार. अस्वल लेखकाने बनवलेलंच, पण ते पोटात गोळा आणतं कारण ते तिचं स्वतःचं भय आहे, आईवडील गमावलेल्या पोरीचं. जिथे जिथे ते शायान गूढविद्येचा आव आणतं तिथे मला ते कच्चं वाटतं.

आणि अलीकडे पद्धतच बदलायला लागलीये. मार्व्हलच्या १९९९च्या कॉमिकमधली एको ही हिरोइन शायान होती, २०२४च्या सिरीजमध्ये तिला चॉक्टॉ या दुसऱ्या मूळ समाजातली केलं, पण ते करताना चॉक्टॉ नेशनच्या लोकांना बरोबर घेतलं. त्याआधी डिसेंबर २०२३ला मार्व्हलच्या अ‍ॅनिमेशनमध्ये काहोरी आली, मोहॉक या मूळ समाजातली मुलगी, पात्र अगदी नवंकोरं, कुठल्याही पुराणात नाही, पण एपिसोडमधलं बरंचसं बोलणं मोहॉक भाषेत आहे आणि त्या समाजातले इतिहासकार आणि भाषेचे जाणकार सोबत बसले होते. म्हणजे नवीन बनवायचं असेल तर असं पण बनवता येतं.

सरांना एक आठवण करून दे. २०१८ला 'ब्लॅक पँथर' आपल्याकडे लागला तेव्हा त्यातली जबारी जमात हनुमानाचं नाव घेते, तो शब्दच इथे म्यूट केला होता. तिथे कोणी फँटसी आहे, चालतं, असं म्हटलं नाही. मग पाड्यावरच्या देवाला तोच न्याय का नाही?

आता वाघ्यादेव. तुझ्या गोष्टीत तो शक्ती वाटतो, मोबाईल चार्ज करावा तसा. पण लोक त्याच्याकडे शक्ती मागायला जात नाहीत, आपली माणसं आणि गुरं सुखरूप राहू दे म्हणून जातात. मी पहिल्यांदा बघितला तो लाकडाचा खांब होता, कमरेएवढा, त्यावर वाघ, वर चंद्रसूर्य, शेंदूर पावसाने थोडा ओघळलेला, आणि समोर कोणीतरी नुकताच नारळ फोडलेला. जंगल दोघांचं आहे, तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या, असा तो करार आहे. येऊरला बिबटे खरोखर फिरतात, तिथल्या माणसाला ही काही फँटसी नाहीये. तुझा हिरो या कराराचा राखणदार झाला तर? मला तर ती गोष्ट आत्ताच वाचावीशी वाटतेय.

म्हणून असं कर, आधी ते तीन शब्द खोड. मग काळखांब तुला एवढा प्रिय असेल तर त्याच्यासाठी जंगल पण तुझं बनव आणि लोक पण तुझे, त्यांना वारली म्हणू नकोस, मग कल्पना वाट्टेल तशी धावू दे. आणि हिरो वारलीच हवा असेल तर मैत्रिणीकडे परत जा, पण माहिती काढायला नको, आधी सॉरी म्हणायला. तिला वाटलं तर ती तिच्या आजीकडे नेईल, लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींकडे, लग्न लावणाऱ्या धवलेरीकडे नेईल. त्यांच्या घरी सांगितलेलं सगळंच छापायचं नसतं, हे नको म्हणाल्या तर नको. मैत्रिणीने गोष्टीत हात लावला तर कव्हरवर तिचं नाव तुझ्याशेजारी, त्याच साईझमध्ये, आणि पैसे आले तर तेही अर्धे. परंपरेत नवीन काही चालत नाही असं समजू नकोस हं, वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनीच चौकातलं चित्र लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणलं, रोज काढायला लागले, २०११ला पद्मश्री मिळाली. पण तो हात त्या घरातला होता.

नवीन पानं झाली की मला पाठव.

प्रश्न: मी पनवेलचा, वय ६६. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ जीव की प्राण होता. त्याचं जंगल भारतातलंच असं आम्ही मित्र पैजेवर सांगायचो. खरं काय?

उत्तर: काका, तुमची पैज निम्मी तरी बरोबर होती. ली फॉकने १९३६ला फँटम, म्हणजे तुमचा वेताळ, सुरू केला तेव्हा त्याचं जंगल आशियातलं वाटावं असंच होतं, चाच्यांचं नाव 'सिंग', देशाचं नाव बंगालची आठवण देणारं. नंतर तो मुलूख हळूहळू आफ्रिकेत सरकला. आपल्याकडे १९६४पासून इंद्रजाल आलं तेव्हा ही नावं बोचतील म्हणून देशाचं 'डेंकाली' केलं, सिंगचं 'सिंगा' केलं. म्हणजे आपली नावं आपल्याला खटकली आणि ती बदलली. पण कवटीच्या गुहेबाहेर पहारा देणाऱ्या त्या बुटक्या, विषारी बाणवाल्या लोकांना फॉकने 'बंदर' म्हटलं होतं, माणसांच्या जमातीला बंदर, ते नाव तसंच राहिलं, आणि मीही लहानपणी ते मजेत वाचलं, कधी थांबले नाही. तुमच्याकडे जुने अंक अजून असतील तर नातवंडांना जरूर वाचून दाखवा, फक्त त्या नावापाशी थांबून त्यांना विचारा की हे नाव त्या लोकांनी स्वतःला ठेवलं असेल का.